रोजचे अंतर थोडे, मग गाडी रोज चार्जिंगला लावावी का? एका प्लग-इन हायब्रिड गाडीचा प्रकरण अभ्यास

एका गृहस्थांचे नोकरीचे ठिकाण घरापासून १२ किलोमीटरवर आहे. जाऊन-येऊन २४ किलोमीटर आणि अधूनमधून संध्याकाळी पाच-सहा किलोमीटरचे एखादे काम, एवढाच त्यांच्या गाडीचा रोजचा वापर. लांबचा प्रवास क्वचित घडतो. त्यांनी प्लग-इन हायब्रिड गाडी घेतली ती याच हिशेबाने, की रोजचे अंतर विजेवर निघावे आणि लांबच्या वाटेवर पेट्रोलचा आधार असावा. गाडीच्या बॅटरीची कागदावरची क्षमता १३ किलोवॅट-तास, म्हणजे वीजबिलाच्या भाषेत १३ युनिट आहे आणि त्यातली सुमारे १० युनिट चालकाला प्रत्यक्ष वापरता येतात. मध्यम हवामानात आणि शहरी वेगात ही गाडी १०० किलोमीटरला साधारण १८ युनिट वीज घेते, त्यामुळे एकदा बॅटरी भरली की सुमारे ५५ किलोमीटर निव्वळ विजेवर जाता येते. घरी गाडी उभी करण्याच्या जागेजवळ साधे सॉकेट आहे, नोकरीच्या ठिकाणी मात्र चार्जिंगची सोय नाही.

या आकड्यांकडे पाहून त्यांनी दिवसाआड चार्जिंगचा क्रम ठरवला. एका चार्जिंगमध्ये दोन दिवस निघत असतील तर रोज प्लग लावण्याचे कारणच काय, असा त्यांचा सवाल होता, आणि वरवर पाहता तो चुकीचा नव्हता. त्यामागे दोन समजुती होत्या. प्रत्येक वेळी गाडी चार्जिंगला लावली की बॅटरीच्या आयुष्यातली एक फेरी खर्ची पडते, ही पहिली. आणि बॅटरी पुरती उतरल्याशिवाय ती पुन्हा भरू नये, ही दुसरी. दिवसाआडचा क्रम दोन्ही समजुतींना साजेसा होता, म्हणून तो बरेच महिने चालला.

हवा बदलली तशी अडचण दिसू लागली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतताना, घर दोन-तीन किलोमीटरवर आले की डॅशबोर्डवरचा विजेचा आकडा शून्यावर येई आणि इंजिन सुरू होई. पाच-सात मिनिटांत गाडी दारात उभी राही आणि इंजिन बंद होई. तोवर तापमान दाखवणारी पट्टी तळापासून जेमतेम हललेली असे. पुढे सर्व्हिसिंगच्या वेळी ऑइल भरायचे झाकण उघडले तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला पिवळट, फेसाळ थर साचलेला होता. ऑइलची पट्टी पुसून पुन्हा बुडवून पाहिली, तर पातळी वरच्या खुणेच्या किंचित वर होती आणि ऑइलला पेट्रोलचा वास येत होता. वर्षातले बहुतेक किलोमीटर विजेवर चाललेल्या गाडीच्या इंजिनात ही लक्षणे दिसावीत, याचे गृहस्थांना फार आश्चर्य वाटले. ज्या बॅटरीची ते एवढी निगा राखत होते ती सुस्थितीत होती, आणि ज्या इंजिनाला आपण कामच देत नाही असे त्यांना वाटत होते, त्यालाच त्रास होत होता.

बॅटरी काय मोजते

बॅटरी पुरती उतरवूनच भरावी, हा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला आहे. त्या बॅटऱ्या वारंवार अर्धवट उतरवून भरल्या तर त्यांची उपलब्ध क्षमता घटल्यासारखी वागत असे. प्लग-इन हायब्रिड गाड्यांत लिथियम-आयन बॅटरी असते आणि तिच्यात हा दोष व्यवहारात जाणवत नाही. उलट तिला खोलवर उतरवणे अधिक त्रासाचे जाते. अर्ध्या खोलीच्या दोन फेऱ्यांत जेवढी वीज आत-बाहेर होते तेवढीच एका पूर्ण फेरीत होते, परंतु झीज साधारणपणे पूर्ण फेरीत जास्त होते.

पहिली समजूत याहून खोल रुजलेली आहे, कारण ‘हजार फेऱ्यांचे आयुष्य’ अशा शब्दांत ती आपल्यापर्यंत पोहोचते. या वाक्यातली फेरी म्हणजे प्लग लावणे नव्हे. बॅटरीच्या पूर्ण क्षमतेइतकी वीज बाहेर पडून पुन्हा आत आली की एक फेरी धरली जाते, मग ती एका रात्रीत आलेली असो वा तीन रात्रींत थोडी थोडी. या गृहस्थांचा कामावर जाण्या-येण्याचा वर्षाचा प्रवास सुमारे ६,००० किलोमीटर धरला, तर त्यासाठी बॅटरीतून साधारण १,०८० युनिट वीज जाते. वापरायच्या १० युनिटांच्या मापाने या १०८ फेऱ्या होतात. गाडी रोज चार्जिंगला लावली तरी १०८, दिवसाआड लावली तरी १०८, कारण फेऱ्या किलोमीटरवर ठरतात. आजच्या लिथियम-आयन सेलना साधारण एक ते दोन हजार फेऱ्या झेपतात, असे धरले तर केवळ वापराने ही बॅटरी थकायला दहा ते वीस वर्षे लागतील.

एवढ्या काळात दुसऱ्या प्रकारची झीज महत्त्वाची ठरते. लिथियम-आयन सेल न वापरताही म्हातारी होते. तिच्या ग्राफाइटच्या ध्रुवावर एक पातळ थर असतो, तो वर्षानुवर्षे हळूहळू जाड होत जातो, आणि त्यात अडकलेले लिथियम पुन्हा कामाला येत नाही. हा थर वाढण्याचा वेग दोन गोष्टींनी चढतो, एक उष्णता आणि दुसरी म्हणजे बॅटरीतल्या चार्जची पातळी. भरलेली बॅटरी उन्हात तासन्‌तास उभी राहणे, हे दोन्हींचे मिश्रण. थोडे अंतर चालवणाऱ्याची बॅटरी मुख्यतः या काळाच्या झिजेने थकते. त्यामुळे तिची काळजी असलेल्याने चार्जिंगच्या वेळा मोजण्यापेक्षा, बॅटरी भरलेल्या अवस्थेत किती तास बसून राहते आणि किती गरम जागी, हे पाहावे.

येथे गाडी बनवणाऱ्यांनी आधीच घेतलेली एक काळजी लक्षात घेतली पाहिजे. प्लग-इन हायब्रिडमध्ये दाखवलेले शंभर टक्के हे बॅटरीचे खरे शंभर टक्के नसतात. वरचा काही भाग आणि खालचा काही भाग राखून ठेवलेला असतो. २०१० च्या अखेरीस बाजारात आलेल्या शेवरोले व्होल्टमध्ये १६ किलोवॅट-तासांची बॅटरी होती आणि त्यातले जेमतेम साडेदहा चालकाच्या वाट्याला येत. आजच्या गाड्यांत राखीव भाग व्होल्टइतका मोठा सहसा नसतो, तरी या प्रकरणातल्या गाडीत १३ पैकी १० युनिटच वापरता येतात. खालचा राखीव भाग हायब्रिड म्हणून, म्हणजे इंजिन आणि मोटर मिळून, चालताना ब्रेकची ऊर्जा साठवायला आणि मोटरला जोर द्यायला लागतो. वरच्या राखीव भागामुळे पडद्यावर ‘फुल’ दिसत असतानाही सेल आपल्या टोकाच्या पातळीवर नसते. संपूर्ण विजेवर चालणाऱ्या गाड्यांसाठी दिला जाणारा ‘८० टक्क्यांवर थांबा’ हा सल्ला प्लग-इन हायब्रिडला जसाच्या तसा लावण्याचे म्हणूनच कारण नाही. अनेक प्लग-इन हायब्रिड गाड्यांत तशी मर्यादा घालायची सोयही नसते. ज्या गाड्यांत लिथियम-आयर्न-फॉस्फेट प्रकारच्या सेल आहेत, त्यांच्याबाबत तर अधूनमधून पूर्ण भरणे उपयोगाचे असते, कारण या सेलचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट राहतो आणि पूर्ण भरल्याखेरीज गाडीला शिल्लक चार्जचा अंदाज नीट बांधता येत नाही.

दोन क्रम, आणि त्यातला खरा फरक

आता दोन क्रम शेजारी ठेवून पाहू. गृहस्थ संध्याकाळी सातला घरी येतात आणि सकाळी साडेआठला निघतात. रोजच्या २४ किलोमीटरला बॅटरीतून ४.३ युनिट जातात, म्हणजे संध्याकाळी दाखवलेल्या पातळीपैकी सुमारे ५७ टक्के शिल्लक असतात. चार्जिंगमध्ये १० ते १५ टक्के वीज उष्णतेत आणि गाडीच्या इतर यंत्रणेत खर्च होते, म्हणून ४.३ युनिट आत जायला सॉकेटमधून जवळजवळ ५ युनिट घ्यावी लागतात. २३० व्होल्ट आणि १० अँपिअरच्या सॉकेटवर याला सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. जेथे घरगुती वीज १२० व्होल्टची आहे तेथे १२ अँपिअरवर साडेतीन तास लागतील. दोन्हीकडे रात्र पुरून उरते.

दिवसाआडच्या क्रमात गृहस्थ काय करत होते? दुसऱ्या संध्याकाळी रिकामी झालेली गाडी घरी आल्या आल्या चार्जिंगला लावत होते. बॅटरी प्रवासाने गरम, त्यात चार्जिंगची उष्णता, आणि मध्यरात्रीपर्यंत फुल झाल्यावर सकाळपर्यंत आठ-साडेआठ तास भरलेल्या अवस्थेत उभी. रोजच्या क्रमातही हेच केले, म्हणजे आल्या आल्या प्लग लावला, तर गाडी सव्वानऊलाच फुल होऊन अकरा तास तशी उभी राहील, आणि तेही दर रात्री. तेव्हा केवळ बॅटरीच्या वयाचा विचार केला तर आल्या आल्या रोज चार्ज करण्यापेक्षा दिवसाआडचा क्रम खरोखरच थोडा बरा होता, हे मान्य केले पाहिजे. मात्र त्याचे कारण प्लग कमी वेळा लागला, हे नव्हते. बॅटरी सरासरीने खालच्या पातळीवर राहिली, हे होते.

आणि हे कारण एकदा नीट कळले की त्यावरचा उपायही दिसतो. बहुतेक प्लग-इन हायब्रिड गाड्यांत निघण्याची वेळ सांगून ठेवायची सोय असते. साडेआठ ही वेळ दिली की गाडी पहाटे साडेपाच-सहाच्या सुमारास चार्जिंग सुरू करते आणि निघायच्या थोडी आधी पूर्ण करते. संध्याकाळी सातपासून पहाटेपर्यंत बॅटरी ५७ टक्क्यांवर शांत उभी राहते, प्रवासाची ऊब ओसरते, भरलेल्या अवस्थेत ती फार तर अर्धा तास असते, आणि चालू लागली की पातळी लगेच उतरू लागते. रोजच्या चार्जिंगवर घेतला जाणारा बॅटरीच्या वयाचा आक्षेप एवढ्या एका बदलाने जवळजवळ संपतो. थंड हवेत याचा आणखी एक फायदा होतो, कारण चार्जिंगने किंचित ऊब धरलेली बॅटरी निघताना अधिक मोकळेपणाने वीज देते. गोठणबिंदूखाली गेलेल्या लिथियम-आयन सेलला वेगाने चार्ज करणे हानिकारक असते, म्हणून अशा थंडीत गाडीची यंत्रणा स्वतःच चार्जिंगचा वेग कमी करते किंवा आधी बॅटरी तापवून घेते. त्यासाठी टायमरला अर्धा-एक तास जादा द्यावा.

काटेकोर हिशेब करणारा वाचक येथे विचारील की दिवसाआडच्या क्रमालाच टायमर लावला तर? तसे केले तर बॅटरीची सरासरी पातळी सर्वांत खाली राहील आणि निव्वळ कागदावर तो क्रम पहिला येईल. परंतु हा फायदा लहान आहे, कारण वरचा राखीव भाग निम्मे काम आधीच करून बसलेला आहे. त्यासाठी मोजावी लागणारी किंमत मात्र या प्रकरणात डोळ्यांसमोर होती.

नुकसान इंजिनाच्या बाजूला

दोन दिवसांचे ४८ किलोमीटर आणि एखादे संध्याकाळचे काम मिळून ५३-५४ किलोमीटर होतात. बॅटरीची पोच ५५. शिलकीत एक-दोन किलोमीटर, तेही मध्यम हवामान असेल तर. एसी किंवा हीटर चालला की हा हिशेब मोडतो, आणि थोड्या अंतराच्या प्रवासात तो अधिकच मोडतो. गाडीचा अंतर्भाग एकदा गरम किंवा थंड करायला लागणारी वीज प्रवास १२ किलोमीटरचा असो वा ६०चा, जवळपास तेवढीच असते; लांबच्या प्रवासात ती पुष्कळ किलोमीटरांवर वाटली जाते, थोड्या प्रवासात सगळी त्या १२ किलोमीटरांच्याच माथी येते. कडक थंडीत १०० किलोमीटरला १८ऐवजी २५-२६ युनिट लागणे यामुळेच नवल नाही, आणि मग ५५ किलोमीटरची पोच चाळिशीच्या खाली येते. दिवसाआडच्या क्रमात दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर इंजिन सुरू होणे अशा हवेत अटळ होते.

थंड इंजिन पाच मिनिटे चालवणे हा त्याच्या बाबतीत करता येण्याजोगा जवळजवळ सर्वांत वाईट वापर आहे. सुरुवातीला इंजिनाला जास्त पेट्रोल दिले जाते. ते सगळे जळत नाही, काही सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरते. ज्वलनातून तयार झालेली वाफ थंड धातूवर पाणी होऊन साचते. इंजिन वीस-पंचवीस मिनिटे पूर्ण तापमानावर चालले की हे पाणी आणि पेट्रोल उडून जाते. पाच मिनिटांत बंद झाले की ते तसेच राहते आणि पुढच्या वेळी त्यात भर पडते. झाकणाखालचा पिवळट थर आणि ऑइलची वाढलेली पातळी यांतूनच आली होती. प्रदूषणाच्या दृष्टीनेही हीच मिनिटे सर्वांत वाईट, कारण धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर २५०-३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याखेरीज नीट कामच करत नाही. नेहमीच्या पेट्रोल गाडीतही थोड्या अंतराचा हा दोष असतोच. प्लग-इन हायब्रिडमध्ये तो टाळण्याची सोय आपल्या हातात असते, आणि येथे ती वापरली जात नव्हती.

पेट्रोल जास्त लागते ते वेगळेच. हे २४ किलोमीटर हायब्रिड म्हणून चालवले तर १०० किलोमीटरला ५ लिटर या दराने सव्वा लिटरच्या आसपास पेट्रोल लागेल, थंड इंजिनामुळे थोडे अधिकच. तेच अंतर सॉकेटमधल्या ५ युनिटांत होते. म्हणजे ४ युनिट विजेचा खर्च १ लिटर पेट्रोलच्या खर्चाहून कमी असेल तेथे विजेवर चालवण्यात बचत आहे, हा ताळा कोणालाही आपापल्या दराने पाहता येईल.

रोज चार्जिंगचा आग्रह धरण्यामागे सवयीचेही कारण आहे, आणि माझ्या मते ते तांत्रिक कारणांइतकेच वजनदार आहे. दिवसाआडच्या क्रमात आज पाळी आहे की उद्या, हे लक्षात ठेवावे लागते. एकदा विसरले की पूर्ण दिवस पेट्रोलवर जातो, आणि गाडी कुरकुर न करता चालत राहते म्हणून विसरल्याची जाणीवही होत नाही. विसरण्याचा हा परिणाम मोठ्या प्रमाणावर मोजला गेला आहे. युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये गाड्यांतल्याच इंधनमापकांची माहिती एकत्र करून अहवाल दिला. २०२१ मध्ये नोंदल्या गेलेल्या प्लग-इन हायब्रिड गाड्यांचे रस्त्यावरचे कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन अधिकृत आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघाले. कागदावर १०० किलोमीटरला १.७ लिटरच्या आसपास असलेला पेट्रोलचा खप प्रत्यक्षात ५.९ लिटरच्या आसपास होता. या तफावतीचे एक मुख्य कारण म्हणजे गाड्या मानकांत गृहीत धरल्या होत्या तितक्या वेळा चार्जिंगला लावल्याच गेल्या नाहीत. जड बॅटरी वाहणारी आणि तरी पेट्रोलवर धावणारी गाडी कोणाच्याच हिताची नाही.

सॉकेटकडे लक्ष

रोज चार्जिंग करायचे ठरले की साखळीतला सर्वांत कच्चा दुवा बॅटरी नसून भिंतीवरचे सॉकेट असते. घरगुती सॉकेट थोडा वेळ मोठा भार घेण्यासाठी असते. रोज दोन-तीन तास सलग १० अँपिअर हे त्याच्यासाठी वेगळेच काम आहे. या घरी चार्जिंग चालू असताना तासाभराने प्लगच्या पाठीवर हात ठेवून पाहिला, तर तो कोमट नव्हे, चांगलाच गरम लागला. प्लग काढल्यावर सॉकेटच्या एका छिद्राभोवती तपकिरी डाग दिसला. त्या छिद्रातली पितळी पकड सैल झाली होती, आणि सैल जोडणीतून वाहणारी वीज तेथेच उष्णता तयार करत होती. इलेक्ट्रिशियनकडून वेगळी, पुरेशा जाडीची वायर ओढून नवे सॉकेट बसवले, अर्थिंग तपासून घेतले आणि गळती झाल्यास वीज तोडणारा ब्रेकर लावला. तोवर गाडीतून चार्जिंगचा प्रवाह ८ अँपिअरवर आणून ठेवला होता. वेळ थोडा जास्त लागला, पण प्लग गरम होणे थांबले. एक्स्टेंशन बोर्डवरून चार्जिंग करू नये, हे यातून ओघानेच येते.

भिंतीकडचा प्लग रोज काढू-घालू नये, तो जागेवर राहू द्यावा आणि फक्त गाडीकडची जोडणी काढावी. गाडीच्या बाजूच्या टाइप १ आणि टाइप २ जोडण्या १०,००० वेळा काढण्या-घालण्याच्या चाचणीतून जातात, म्हणजे रोज एकदा वापरल्या तरी सत्तावीस वर्षांची सोय झाली. रोजच्या वापराने गाडीचे चार्जिंगचे तोंड झिजेल, ही भीती म्हणूनच अनाठायी आहे.

ठरलेला क्रम आणि त्याला असलेले अपवाद

शेवटी क्रम असा ठरला. घरी आल्यावर गाडीला रोज प्लग लावायचा, परंतु चार्जिंग टायमरवर ठेवून निघण्याच्या वेळेला पूर्ण होऊ द्यायचे. हवा फार थंड किंवा फार उष्ण असेल तर निघण्यापूर्वी, प्लग लागलेला असतानाच, गाडीचा अंतर्भाग गरम किंवा थंड करून घ्यायचा. साध्या सॉकेटची वीज या कामाला पूर्ण पुरत नाही, थोडी बॅटरीतूनही जाते, पण बराच भार भिंतीकडे जातो. रात्री परतल्यावर पुन्हा बाहेर पडायचे असेल आणि शिल्लक पुरेशी असेल तर मधेच चार्ज करायची गरज नाही. नोकरीच्या ठिकाणी पुढे चार्जिंगची सोय झाली तरी या अंतरासाठी तिचा उपयोग नाही. ती जागा ज्यांची परतीची वीज खरोखरच अपुरी आहे त्यांना मोकळी सोडावी. इंजिन चालवून बॅटरी भरण्याचा जो पर्याय अनेक गाड्यांत असतो तो रोजच्या वापरात आणू नये, कारण पेट्रोलची ऊर्जा आधी विजेत आणि मग पुन्हा गतीत बदलताना दोन्हीकडे गळते.

दुसरी बाजू इंजिनाची. रोज पूर्ण विजेवर चालू लागल्यावर ते आठवडेच्या आठवडे सुरूच होत नाही, आणि टाकीतले पेट्रोल शिळे होऊ लागते. ही अडचण गाडी बनवणाऱ्यांना ठाऊक आहे. अनेक प्लग-इन हायब्रिड गाड्यांत पेट्रोलची टाकी बंदिस्त, दाब धरणारी असते, म्हणून पेट्रोल भरण्यापूर्वी बटण दाबून दाब सोडावा लागतो. व्होल्टमध्ये इंजिन दीर्घकाळ बंद राहिले की ते काही मिनिटे आपणहून चालवण्याची, आणि पेट्रोल सरासरी वर्षभराचे जुने झाले की ते जाळून संपवण्याची व्यवस्था होती. मित्सुबिशी आउटलँडरच्या प्लग-इन प्रकारात सुमारे तीन महिन्यांत पुरेसे नवे पेट्रोल भरले नाही तर इंजिन आपोआप सुरू होते. तरीही गाडीवर सर्व सोडून न देता, महिना-दीड महिन्यातून एकदा सलग अर्धा तास हमरस्त्यावर हायब्रिड मोडमध्ये गाडी चालवायची, म्हणजे ऑइल पूर्ण तापून ओल निघून जाते, हे या गृहस्थांनी आपल्या क्रमात घातले. टाकी काठोकाठ न भरता तिसरा हिस्सा ते अर्धी ठेवली, की जे जुने आहे ते लवकर संपून नवे पडत राहते. ऑइल किलोमीटर झाले नाहीत म्हणून टाळायचे नाही. ते वर्षाच्या मुदतीने बदलायचेच.

अपवाद थोडे आहेत, पण खरे आहेत. गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर ती भरून ठेवू नये. अर्ध्याच्या आसपास पातळीवर, शक्यतो सावलीत, प्लग न लावता ठेवावी. अशा वेळी मोठ्या बॅटरीपेक्षा १२ व्होल्टची छोटी बॅटरी आधी उतरते, तिची सोय पाहावी. घर चढावर असेल आणि निघाल्याबरोबर लांब उतार लागत असेल तर शंभर टक्के भरलेली बॅटरी उताराची ऊर्जा घेऊ शकत नाही, म्हणून टायमर असा लावावा की निघताना थोडी जागा उरेल. ज्याचा रोजचा प्रवास चार-पाच किलोमीटरचाच आहे आणि बॅटरी मोठी आहे, त्याला दोन-तीन दिवसांनी चार्ज करूनही इंजिन सुरू होण्याची वेळ येणार नाही, आणि त्याची बॅटरी मधल्या पातळीवर अधिक काळ राहील. तेथे रोजचा आग्रह मी धरणार नाही. मर्यादा एवढीच की सर्वांत वाईट हवेतही शिल्लक एका पूर्ण दिवसाला पुरेल, इतक्यावरच प्लग लागला पाहिजे. या गृहस्थांच्या २४ किलोमीटरांना ही मर्यादा लावली की उत्तर आपोआप ‘रोज’ असे येते.

क्रम बदलल्यानंतर परतीच्या वाटेवर इंजिन सुरू होणे थांबले. ऑइल बदलून घेतल्यावर आणि हमरस्त्यावरच्या फेऱ्या सुरू केल्यावर झाकणाखालचा थर पुन्हा धरला नाही. बॅटरीवर नजर ठेवण्यासाठी एक साधी पद्धत ठरवली आहे: वर्षातून दोनदा, एकदा थंड आणि एकदा उष्ण दिवसांत, एखाद्या लांबच्या प्रवासाअखेर विजेची पोच शून्यावर आणून, नंतर पूर्ण भरायला सॉकेटमधून किती युनिट लागली हे प्लगला जोडायच्या छोट्या मीटरवर पाहायचे आणि ते मागच्या वर्षीच्या त्याच ऋतूतल्या आकड्याशी ताडायचे. आज ते साडेअकरा युनिटांच्या जवळ आहे. बॅटरीच्या टिकाऊपणासाठी संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत २०२२ मध्ये संमत झालेल्या २२ क्रमांकाच्या जागतिक वाहन-नियमात पाच वर्षे किंवा १ लाख किलोमीटरपर्यंत ८० टक्के आणि आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरपर्यंत ७० टक्के क्षमता शिल्लक असावी, अशी किमान अपेक्षा आहे. ही बॅटरी कधी काळी ७० टक्क्यांवर आलीच, तर वापरायची ७ युनिट उरतील आणि मध्यम हवामानात त्यांत ३८ किलोमीटर जाता येईल. दोन दिवसांच्या ४८ किलोमीटरांना ते पुरणार नाहीत. रोज रात्री प्लग लावणाऱ्याला मात्र कामाला जाऊन परत यायला आणि संध्याकाळचे एखादे काम उरकायला ते तेव्हाही पुरतील.